आप्पांचा उलटा हात

सुरतेत खोली भाड्याने घ्यायची म्हटलं की घरमालक काय काय विचारतात, हे आम्हाला पाठ झालं होतं. गाव कोणतं, समाज कोणता, माणसं किती, पाहुणे आले की किती राहतात, घरात मटण शिजतं का. उधन्याच्या त्या गल्लीत खोली बघायला गेलो तेव्हा मी आठवीत होते आणि आई सगळी उत्तरं जिभेवर घेऊनच निघाली होती. पण आप्पांनी त्यातलं एकही विचारलं नाही. ओट्यावर पाय सोडून बसलेल्या त्या धिप्पाड म्हाताऱ्याने आमच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आईला अहिराणीत विचारलं, "मिक्सर कितला वॅटना शे?"

आईला वाटलं, हा माणूस मिक्सरवरून आपल्याला नाही म्हणायच्या तयारीत आहे. ती ताठ मानेने म्हणाली, "मिक्सर नही शे. आमी पाटावर वाटतस."

"आनि इस्तरी?"

"नही."

"गिझर?"

यावर आईला हसूच आलं. बाबा पलसाण्याच्या एका डाइंगमध्ये, कापड रंगवायच्या मिलमध्ये, कामाला होते, दिवसभर वाफेत उभे राहायचे, आणि आमच्या घरात पाणी तापायचं ते गॅसवर, पातेल्यात. आप्पांनी मनातल्या मनात कसलीशी बेरीज केली, मान हलवली आणि खोली आम्हाला दिली. नाव त्यांनी नंतर, सामान चढवताना विचारलं.

मिक्सर अर्थातच होता. तो गोधडीत गुंडाळून पिठाच्या डब्यात दडवला होता. काही दिवसांनी आईने दार लावून शेंगदाण्याची चटणी फिरवायला घेतली आणि मिक्सर बंद व्हायच्या आत आप्पा जिना चढून दारात उभे. आईचा चेहरा उतरला. आप्पांनी मिक्सर उचलला, उलटा केला, चष्मा कपाळावर चढवून खालची पट्टी वाचली आणि म्हणाले, "पाचशे. चाली जाई. पन पाटानं नाव कसाले लिधं?" एवढं बोलून ते खाली गेले. त्या दिवसापासून त्या घरात आमचं नाव 'पाचशेवाले' पडलं.

सगळ्याच भाडेकरूंना अशी नावं होती. आमच्या समोरच्या खोलीतली काकू घरी साड्यांना इस्त्री करून द्यायची, ती 'हजारवाली'. शेवटच्या खोलीत लूमवर काम करणारा एक एकटा माणूस राहायचा, त्याच्याकडे एक दिवा, एक पंखा आणि मोबाइलचा चार्जर. त्याला आप्पा 'बिनलोडचा' म्हणायचे आणि त्याच्याविषयी त्यांना फार कणव होती. सणासुदीला पुरणपोळीचं पहिलं ताट त्याच्याकडे जायचं. बिचाऱ्याला कळायचं नाही की आपल्यात असं काय आहे.

आप्पा एका मिलमध्ये इलेक्ट्रिक खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते, आणि निवृत्त झाले तरी हुद्दा काही उतरला नव्हता. ते साधेभोळे अजिबात नव्हते. आवाज मोठा, मिशा मोठ्या, समोरच्याला बोलू न द्यायची सवय त्याहून मोठी. राजकारण, औषधं, क्रिकेट, लग्नं जुळवणं या सगळ्यांत ते अधिकारवाणीने बोलायचे आणि बहुतेक वेळा चुकायचे. त्यांनी जुळवलेलं एक लग्न साखरपुड्यातच मोडलं होतं. माझ्या खोकल्यावर त्यांनी सांगितलेल्या काढ्याने मला आठवडाभर पोटदुखी झाली होती. फक्त एका विषयात त्यांना कोणी कधी चुकलेलं पाहिलं नाही, आणि तो विषय म्हणजे तार.

वायर हा शब्द त्यांना चालायचा नाही. तार म्हणायचं. दीडची तार, अडीचची तार, चारची तार. हे आकडे म्हणजे आतल्या तांब्याची जाडी, ते मला त्यांनीच शिकवलं. मी गणितात कच्ची होते आणि आप्पांनी ते ओट्यावर बसल्या बसल्या हेरलं होतं. घरातल्या एकेका वस्तूचे वॅट घ्यायचे, दोनशे तीसने भागायचे, म्हणजे करंट किती वाहणार ते निघतं. मग तेवढा करंट सोसेल अशी तार निवडायची. दिवे-पंख्यांना दीडची, मिक्सर-फ्रिजच्या प्लगला अडीचची, गिझर आणि एसीला चारची. तार लांब न्यायची असेल तर एक नंबर जाड. भिंत उन्हात तापत असेल तर एक नंबर जाड. एका पाइपात खूप तारा कोंबल्या असतील तर पुन्हा एक नंबर जाड. "भरेल गाडीमा बठेल मानूसले घाम येस ना," ते म्हणायचे, "तसंच तारनं शे."

आणि हे सगळे नियम पाळून झाले की शेवटी त्यांच्या समाधानासाठी आणखी एक नंबर जाड. त्यांच्या दारावरच्या बेलला चारची तार होती. त्या बेलचा आवाज म्हणजे चिमणीची चिवचिव, आणि मागे तार अशी की तिच्यावर पिठाची चक्की चालावी. जाडपणाचं हे वेड तारेवरच थांबलं नव्हतं. त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर ज्या खिळ्याला टांगलं होतं त्यावर बैल बांधता आला असता. कपडे वाळत घालायची दोरी विहिरीच्या पोहऱ्याची होती. शेअर रिक्षात मागे चौथा माणूस बसला की आप्पा उतरून जायचे, मग पुढे स्टेशनपर्यंत चालत जावं लागलं तरी.

पण आप्पा म्हटलं की मला सगळ्यात आधी आठवतो तो त्यांचा उलटा हात. कोणाच्याही घरी गेले की चप्पल काढायच्या आत त्यांची नजर प्लगवर जायची. पाणी विचारायला येणाऱ्या बाईला ओलांडून ते थेट फ्रिजच्या मागे जायचे आणि उजव्या हाताच्या बोटांची मागची बाजू प्लगवर टेकवायचे. क्षणभर डोळे मिटायचे. मग निकाल यायचा. "गार शे," म्हणाले तर यजमानाने बसायला सांगावं. "कोमट शे," म्हणाले तर चहा विसरावा, कारण आता पुढचा तासभर बोर्ड उघडला जाणार.

मी एकदा विचारलं, उलटाच हात का? तर म्हणाले, झटका बसला की हात आपोआप मिटतो. तळहाताने धरलं असेल तर माणूस त्या तारेलाच धरून बसतो. उलट्या हाताने शिवलं असेल तर हात स्वतःच्याच अंगाकडे मिटतो आणि सुटतो. "तारले बोलता येत नही," असं म्हणून ते पुढे सांगायचे, "ती तपीसन सांगस. आपुन इचारानं." विचारायला गेलं पाहिजे, हे त्यांचं म्हणणं मी पुढे शिक्षिका झाल्यावर वर्गातल्या मुलांच्या बाबतीतही वापरलं, पण ते त्यांना कधी सांगायचं राहिलं.

दरवर्षी श्रावणातल्या एका रविवारी आप्पांच्या घरी खानदेशची देवी कानबाई बसायची. खानदेशातून आलेली त्यांची सगळी भावकी त्या रविवारी एकाच घरात गोळा व्हायची. कोणी बारडोलीहून, कोणी कामरेजहून, बाकीचे सुरतेतलेच, आणि प्रत्येक जण घरून काहीतरी विजेवर चालणारं घेऊन यायचा, कारण एवढ्या माणसांना एका घरातल्या वस्तू कशा पुरणार. उभे पंखे यायचे, पाणी तापवायच्या कांड्या यायच्या, मिक्सर यायचे, आणि एक भाचा गाण्यांसाठी स्पीकरचे मोठाले डबे आणायचा. देवी एक, घर एक आणि मेन बोर्डही एकच. आप्पा दिवसभर देवीकडे पाठ करून बोर्डासमोर खुर्ची टाकून बसायचे.

एका वर्षी ते आंघोळीला गेले तेवढ्यात एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, पडली. पुन्हा चढवली, पुन्हा पडली. बायका पुरण वाटत होत्या, रोट व्हायचे होते, नैवेद्याची वेळ होत आलेली. आप्पांचा एक साडू लूमखात्यात जॉबर, म्हणजे मागांचा मिस्त्री होता आणि आपल्यालाही विजेतलं कळतं असं त्याला वाटायचं. तो कोपऱ्यावरच्या दुकानातून दुप्पट ताकदीची एमसीबी घेऊन आला आणि बसवून मोकळा झाला. सगळं धडाक्यात चालू झालं, गाणीसुद्धा. बायकांनी त्याचं कौतुक केलं. आप्पा ओल्या पंच्याने बाहेर आले, बोर्डाकडे पाहिलं, उलटा हात खालच्या पाइपावर ठेवला आणि मेन स्विच खाडकन खाली ओढला.

घर एकदम गप्प झालं. साडू म्हणाला, "आरे पन आते पडत नव्हती."

"वझं उचलाई नही ऱ्हायनं म्हनीसन ती वरडी ऱ्हायनी," आप्पा म्हणाले, "आनि तू तिना तोंडवर हात ठी दिधा."

त्यांनी ती नवी एमसीबी काढली आणि जुनी परत बसवली. एमसीबी माणसासाठी नसते, तारेसाठी असते, तार सोसते त्याच्या आतच ती पडली पाहिजे, हे त्यांनी ओल्या पंच्यातच सगळ्या भावकीला समजावून सांगितलं. कांड्या, पंखे, मिक्सर, गाण्यांचे डबे बंद करून ठेवले. त्या वर्षी पुरण पाट्यावर वाटलं, घामाच्या धारांत रोट झाले आणि बायकांनी गाणी तोंडाने म्हटली. साडू पुढची दोन वर्षं कानबाईला आला नाही. आईला मात्र ते फार आवडलं. पाट्यावर वाटायला तीच बसली होती, आणि वाटता वाटता आप्पांकडे बघून म्हणाली, "देखा, वाटतस ना आमी." आप्पा मिशीतल्या मिशीत हसले.

मी दहावीला होते त्या वर्षाची एक गोष्ट. सकाळी शाळा, दुपारी क्लास, संध्याकाळी आईबरोबर साड्यांना खडे चिकटवायचं काम, आणि त्यातून उरलेल्या वेळात अभ्यास. एका संध्याकाळी मी जिन्यात बसून खडे लावत होते. आप्पा वर जाता जाता थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि उलटा हात माझ्या कपाळावर ठेवला. आईला हाक मारून म्हणाले, "हाई पोरनी तार तपेल शे." मला खरोखरच ताप होता आणि तो घरात कोणाच्या लक्षात आला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून आमच्या वाट्याच्या साड्या हजारवाल्या काकूच्या पोरींकडे जायला लागल्या. परीक्षा होईपर्यंत ही व्यवस्था राहिली. कोणी ठरवली, ते कोणी बोललं नाही.

आप्पांविषयी गल्लीत पुष्कळ कथा होत्या. कोणी म्हणायचं मिलमध्ये त्यांच्या डोळ्यांसमोर आग लागली होती. कोणी म्हणायचं धाकटा भाऊ शॉक लागून गेला. आप्पांची बायको मी बघितलीही नव्हती, आम्ही येण्याच्या बऱ्याच आधी ती आजारपणात गेली होती, पण तिलाही लोकांनी या कथांमध्ये ओढलं होतं. कॉलेजात असताना मी धीर करून त्यांनाच विचारलं, आप्पा, असं काय झालं होतं?

"काईच जयं नही," ते म्हणाले.

"मग?"

"मंग काय. काई व्हवाले नको म्हनीसन."

मला तेव्हा हे उत्तर फार पुळचट वाटलं होतं. एवढ्या जाड तारांच्या मागे काहीतरी मोठं दुःख असायला हवं होतं, असं माझं त्या वयातलं मत.

माझ्या लग्नात त्यांनी आहेर म्हणून तारेचं अख्खं बंडल दिलं. त्यावर आईने घरातली लेस बांधली, तरी ते लपेना. माझ्या चुलतसासूने ते दोन्ही हातांनी तोलून पाहिलं आणि विचारलं, हे तुमच्याकडच्या रीतीचं आहे का? मी हो म्हणून टाकलं. कामरेजच्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरात आणि एसीला ती तार आहे. नवरा मला अजून चिडवतो, की मी संध्याकाळी देवाला हात जोडते आणि लगेच उलटा हात फ्रिजच्या प्लगला लावते.

आप्पांना एक मुलगा. तो वडोदऱ्याला मोठ्या कंपनीत होता. बाप अहिराणीत बोलायचा, मुलगा गुजरातीत उत्तर द्यायचा आणि त्यांचं तसं चालायचं. चालायचं म्हणजे फार लांबत नसे. मुलाने वडोदऱ्याला चला म्हणायचं, आप्पांनी घर कोण बघेल म्हणायचं, आणि फोन ठेवायचा. मग एका उन्हाळ्यात मुलाने एसी पाठवला. आप्पांनी त्यासाठी मेन बोर्डापासून मागच्या खोलीपर्यंत स्वतः उभं राहून तार टाकून घेतली. एसीला चारची लागते, म्हणून अर्थातच सहाची. तो एसी त्यांना फार आवडला, हे मी मुद्दाम सांगते. मी माहेरी गेले होते तेव्हा दुपारी ते गोधडी पांघरून त्यासमोर बसलेले असत आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारून आत घेत. "ये, हवा खाय," म्हणत, जणू पेढे वाटत होते.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बाबा आजारी पडले. फुफ्फुसं थकली होती. दवाखान्यात पुष्कळ दिवस काढल्यावर डॉक्टर म्हणाले, घरी न्या, पण ऑक्सिजनचं मशीन लागेल, आणि खोली थंड आणि बंद हवी, या उकाड्यात आणि धुळीत त्यांचा श्वास टिकणार नाही. मी कामरेजहून येऊन राहिले होते. आमची खोली वरची, डोक्यावर पत्रा, आणि मे महिना. मामाने त्याचा जुना एसी आणून दिला. बाबांना घरी आणायचा दिवस ठरला. आणि आप्पा म्हणाले, एसी लावायचा नाही.

आईला आधी ते खरंच वाटेना. आप्पा जिन्याच्या तोंडाशी उभे राहून समजावत होते, की आमच्या खोलीकडे जाणारी तार फक्त पाचशेवाल्यांच्या हिशोबाची आहे, एसी चालू झाला की ती तापणार, आणि त्याच तारेवर ऑक्सिजनचं मशीन असणार. तार गेली तर मशीनही गेलं. शिवाय मेनची तार आधीच भरलेली. वीज ऑफिसातून लोड वाढवून मिळेल, पण गल्लीला वीज देणारी डीपी उन्हाळ्यात गुरगुरत असते, तिच्यावर आणखी भार टाकायला त्यांचं मन घेत नव्हतं. हे सगळं बरोबर होतं, हे मलाही कळत होतं. आईला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

"मना मानूस श्वासले तडफडी ऱ्हायना," ती म्हणाली, "आनि तुमी माले तारना हिशोब सांगतस. तुमी मानूस शेतस का भीत?"

सगळे भाडेकरू दारात आले होते. आप्पांना कोणी असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "तारले मया-दया नही ऱ्हास, ताई," एवढंच म्हणाले आणि खाली जाऊन ओट्यावर बसले. आई वर येऊन भिंतीशी बसून रडली. मी तिला धरून बसले, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही आप्पांचा राग आला होता.

बाबांना घेऊन आम्ही रिक्षातून उतरलो तेव्हा जिन्याच्या कडेने एक नवी पांढरी पट्टी वर चढत गेलेली दिसली. ती आमच्या खोलीत जाऊन एका वेगळ्या प्लगशी थांबत होती. एसी भिंतीवर बसलेला होता. मशीनसाठी जुनाच प्लग ठेवला होता, म्हणजे एसीचं काही झालं तरी मशीनला धक्का नाही. खोली इतकी थंड होती, की बाबांनी दारातच एक लांब श्वास घेतला. आम्ही तो श्वास मोजावा तसा ऐकला. आप्पा ओट्यावर हातपंख्याने वारा घेत होते. मला म्हणाले, "रोज उलटा हात लावानं. कोमट लागनं तं माले सांगानं." आईशी ते बोलले नाहीत आणि आईही बोलली नाही.

"बोलल्याशिवाय काम होत नाही," आई नंतर सगळ्यांना सांगायची. "मी बोलले म्हणून एसी लागला." हजारवालीला सांगितलं, मामाला सांगितलं, माझ्या सासूलाही सांगितलं. बाबा सुधारले. बरे झाले नाहीत, पण उठून बसायला लागले, टीव्ही बघायला लागले, मिक्सरच्या आवाजावर कुरकुर करायला लागले. आई आणि आप्पा पुन्हा बोलायला लागले, तेही आपोआपच. फक्त त्या उन्हाळ्यापासून आप्पा घरात कमी आणि ओट्यावर जास्त दिसायचे. दुपारीसुद्धा. तुमचा एसी काय झाला, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "बिघडना. पार्ट भेटत नही." मुलाने फोनवर मेकॅनिक पाठवतो म्हटलं तर त्यालाही हेच उत्तर. आम्ही हसायचो. जन्मभर तारा बघणाऱ्या माणसाला एसीचा पार्ट मिळेना.

असे दोन उन्हाळे गेले. दुसऱ्या वर्षी दसऱ्यानंतर, ऑक्टोबरच्या उन्हात, आप्पा ओट्यावरच गेले. दुपारचा चहा घेतला, कप बाजूला ठेवला आणि भिंतीला टेकले ते टेकलेच.

गंधमुक्तीच्या, म्हणजे उत्तरकार्याच्या दिवशी घर भरलं होतं. बारडोलीची, कामरेजची माणसं, रुसलेला साडूसुद्धा आला होता. कानबाईला यायचे तेच सगळे, फक्त कोणी काही आणलं नव्हतं. जेवणं झाली आणि पुरुषमंडळी मागच्या खोलीत दाटीने बसली. उकाड्याने जीव जात होता. मुलगा भिंतीवरच्या एसीकडे बघत म्हणाला, त्याचं मराठी गुजरातीत भिजलेलं असायचं, "मी पाठवला होता. पप्पांनी एक उन्हाळा चालवला, मग दुरुस्तही करू दिला नाही. माझ्या वस्तूचा एवढा कंटाळा होता तर सांगायचं." त्याने उठून स्विच दाबला. काहीच झालं नाही. पुन्हा दाबला.

आप्पांचं सगळं काम करणारा गल्लीतला सुरती वायरमन तिथेच पाहुण्यांत बसला होता. मुलगा त्याला म्हणाला, जरा बघता का. तो उठलाच नाही. खाली बघत म्हणाला, "एमां वायर ज नथी, भाई."

"वायर नथी एटले?"

वायरमनने बोट वर केलं, आमच्या खोलीच्या दिशेने. मग हळूहळू सांगितलं. मेनवर दोन एसी चालणार नाहीत, असं आप्पांचं म्हणणं होतं. चालेल तर एकच. म्हणून त्यांनी मागच्या खोलीतली सहाची तार ओढून काढायला लावली आणि तीच वर नेली. तो म्हणाला होता, आप्पा, तार राहू द्या, स्विच बंद ठेवा, वरच्यासाठी दुसरी आणतो. तर आप्पांनी ऐकलं नाही. तार असली की कोणीतरी कधीतरी स्विच दाबणारच, मुलगा येईल आणि दाबेल, आणि त्या वेळी वर मशीन चालू असेल. "कोईने कहेवानी ना पाडेली," वायरमन म्हणाला, कोणाला सांगायचं नाही असं आप्पांनी बजावलं होतं.

आई दारात उभी होती, हातात पाण्याचा जग. तिने तो जमिनीवर ठेवला आणि तिथेच, पुरुषमंडळींसमोर, उंबऱ्यावर बसली. बोलल्याशिवाय काम होत नाही, हे वाक्य मी तिच्या तोंडून त्यानंतर आजपर्यंत ऐकलेलं नाही.

मुलगा उठला आणि जिना चढायला लागला. मी मागे गेले. वर बाबा पलंगावर उशीला टेकून बसले होते, नाकाला नळी, मशीन घुरघुरत होतं, खोली गार होती. खालचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं असावं, कारण मुलगा दारात दिसताच ते मला म्हणाले, "बंद करी टाक. त्याना बापनी तार शे, खाले लई जाऊ दे."

"नको काका," मुलगा म्हणाला. "चालू राहू द्या."

तो खोलीच्या मधोमध उभा राहिला. एसीकडे त्याने पाहिलं नाही. पट्टी जिन्यातून कुठून आत येते, भिंतीवरून कशी जाते, कुठे थांबते, ते तो बघत गेला. एसी सकाळपासून चालू होता. मग त्याने उजवा हात पुढे केला, अर्ध्यात थांबला, हात उलटा केला आणि बोटांची मागची बाजू एसीच्या प्लगवर टेकवली. डोळे मिटले.

"गार शे," तो म्हणाला.